अमिरातीतल्या शाळेची सिस्टर आणि आपण आजी-आजोबा

आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांची आता तीन देशांत पांगापांग झाली आहे. एक भाऊ ठाण्याला, एक बहीण इथे इस्रायलमध्ये, आणि तरुण मंडळी नोकरीपायी दुबई, अबू धाबी किंवा शारजाला. पूर्वी इस्रायली पासपोर्टवर त्या देशात पाऊल ठेवता येत नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये करार झाले, विमाने सुरू झाली, आणि तेल अवीवहून साडेतीन तासांत दुबईला उतरता येऊ लागले. तेव्हापासून आपल्यातली कितीतरी वडील मंडळी मुलाकडे, मुलीकडे, पुतणीकडे पंधरा-वीस दिवस राहून आली. तिथे आई-बाप दोघेही कामावर जातात. त्यामुळे त्या पंधरा दिवसांत नातवंडाचा डबा, शाळेची बस, ताप, खोकला, सगळे आपल्या हातात येते. मुले वाढवण्याचा अनुभव आपल्याला आहेच, पण तो दुसऱ्या हवेतला आणि दुसऱ्या काळातला आहे. आम्हाला हे कसे कळले ते आधी सांगतो आणि मग एका सिस्टरने सांगितलेल्या गोष्टी क्रमाने मांडतो.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही आणि आमचे यजमान अबू धाबीला आमच्या भावाच्या मुलीकडे गेलो होतो. तिने नवे घर भाड्याने घेतले होते, म्हणून एलियाहू हन्नाबीचा मलिदा करायचे ठरले. आम्ही आनंदाने पोहे भिजवले, ओला नारळ खवला, साखर, वेलची, मनुका घातल्या आणि वर बदाम-पिस्त्यांचे काप सढळ हाताने पसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरीतल्या नातवाच्या डब्यात एक लहान डबी मलिद्याचीही ठेवली, आणि मित्रांनाही दे हो, असे वर सांगितले. दहा वाजता शाळेच्या दवाखान्यातून फोन आला. वर्गात एका मुलाला बदाम-पिस्त्यांची तीव्र अ‍ॅलर्जी होती. आमचा नातू आज्ञाधारकपणे त्याच्यापुढे डबी धरून उभा असतानाच बाईंनी पाहिले, म्हणून काही झाले नाही. फोनवरच्या सिस्टर केरळच्या होत्या. एका शब्दानेही रागावल्या नाहीत. शाळेतून नियमांचा कागद घरी आला होता, तो पाहिला का, एवढेच त्यांनी विचारले. कागद फ्रिजवर लावलेला होता. आम्ही तो वाचला नव्हता. तीस वर्षे दिमोनाच्या शाळेत गणित शिकवले, पालक कागद वाचत नाहीत म्हणून कुरकुर केली, आणि आमच्यावर वेळ आली तेव्हा आम्हीही तेच केले.

त्याच आठवड्यात सिस्टरांनी घरच्या माणसांसाठी तासभराची माहिती ठेवली होती. आजी-आजोबांनीही यावे असे त्या म्हणाल्या. आम्ही वही घेऊन गेलो. पुढे दिले आहे ते त्या वहीतले आहे. परत आल्यावर ते आम्ही आमच्या कुपत-होलीमच्या डॉक्टरांना दाखवून घेतले.

आपल्या वेळी आणि आता

आमच्या पनवेलच्या शाळेत सिस्टर नव्हती. हेडमास्तरांच्या कपाटात खडूंच्या खोक्याशेजारी टिंक्चर आयोडिनची बाटली आणि कापूस, एवढाच दवाखाना. वर्षातून एकदा देवी टोचणारे यायचे, तेव्हा निम्मा वर्ग परसात लपायचा. आपल्या पिढीच्या दंडावरचा तो गोल वण अजून आहे. त्या टोचण्यामुळेच १९७७ साली भारत देवीच्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

अमिरातीत आता अबू धाबी व दुबईच्या शाळांना दवाखान्याची खोली आणि परवाना असलेली परिचारिका ठेवावी लागते. प्रत्येक मुलाची लशींची नोंद, आजार, अ‍ॅलर्जी, आई-बापाचे फोन तिच्या फाइलमध्ये असतात. ही सिस्टर डॉक्टर नव्हे. तिचे मुख्य काम म्हणजे मूल आजारी पडण्याआधी किंवा त्याला इजा होण्याआधी घरच्यांना सावध करणे. म्हणून तिचे सांगणे मुलासाठी थोडे आणि मुलाजवळच्या मोठ्या माणसासाठी जास्त असते. आपण तिथे असताना ते मोठे माणूस आपण असतो.

डबा

अ‍ॅलर्जी म्हणजे आवडनिवड नव्हे, लाडावलेपण तर नव्हेच. शरीर एखाद्या अन्नाला चुकून शत्रू समजते आणि त्याच्याशी लढायला उठते. शेंगदाणे, बदाम, पिस्ते, काजू, अक्रोड, तीळ, अंडी, दूध, मासे यांपैकी कशानेही असे होऊ शकते. तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला चिमूटभरही पुरते. आधी ओठ-तोंड खाजते, अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा जीभ सुजते. मग आवाज घोगरा होतो, श्वास लागतो, उलटी होते, मूल फिकट पडून गळून जाते. हे सगळे काही मिनिटांतही होऊ शकते.

अशा मुलांजवळ अ‍ॅड्रेनलिनचे पेनासारखे इंजेक्शन असते. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच, टोचतात. मुलाला आडवे निजवून पाय उंच करावे. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी रुग्णवाहिका बोलवायचीच, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. खाज थांबवणारी साधी गोळी अशा वेळी पुरेशी नसते.

इथे एक प्रश्न आपल्यापैकी कोणीही विचारील. आपली नातवंडे दात यायच्या आधीपासून बाम्बा खातात, मग त्यांना का नाही काही होत? प्रश्न बरोबर आहे, आणि शास्त्रज्ञांनीही तो विचारला. २००८ साली इस्रायलमधल्या आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे दहापट आढळली. तिथे बाळांना शेंगदाणा उशिरा देत, इथे लवकर देतात. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, धोका असलेल्या बाळांनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली लवकर शेंगदाणा दिला तर पुष्कळांची अ‍ॅलर्जी टळते. पण हे अ‍ॅलर्जी होण्याआधीचे झाले. ज्या मुलाला ती आधीच झाली आहे त्याला थोडे थोडे देऊन सवय लावू, असा घरगुती प्रयोग कोणी करू नये. त्याने जीव जाऊ शकतो.

म्हणून डबा भरण्याआधी शाळेचा नियम विचारावा. सुका मेवा, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, तिळाचे लाडू आणि आपल्या इस्रायलचा ताहिनाचा हलवा बहुतेक ठिकाणी चालत नाही. चपाती-भाजी, केळे, इडली चालते. आपले मूल दुसऱ्याला डब्यातले देणार नाही आणि दुसऱ्याचे घेणार नाही, हे त्याला आपणच सांगावे. वाटून खावे अशी आपली शिकवण आहे हे खरे. वाटून खाणे घरी करू, शाळेत नको, एवढा फरक दुसरीतल्या मुलाला कळतो. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा किंवा बदाम अ‍ॅलर्जी नसली तरी देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. द्राक्षे उभी चिरून द्यावी.

ऊन

आम्ही सिस्टरांना सांगितले की आम्ही नेगेवमध्ये पन्नास वर्षे काढली, उन्हाचे आम्हाला काही नवे नाही. त्या हसल्या. तिथले ऊन वेगळे आहे, आणि त्याचे कारण मातीच्या माठावरून समजते. माठाच्या अंगावर पाणी झिरपते, ते उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. दिमोनाच्या कोरड्या हवेत माठ उत्तम चालतो. कोकणात श्रावणात मात्र तोच माठ कोमट पाणी देतो, कारण हवेतच इतका ओलावा असतो की माठावरचे पाणी उडत नाही. आपले शरीर घामाने असेच गार राहते. आखाताच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि समुद्रामुळे हवा दमटही असते. घाम येतो, पण वाळत नाही. अंग भिजते, थंड होत नाही. म्हणून वाळवंटात निभावलेले माणूस तिथे फसते.

सरकारनेही हे ओळखले आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात मजुरांकडून काम करून घेण्यास तिथे बंदी आहे. मजुराला जे ऊन नको ते सात वर्षांच्या मुलाला आणि पंचाहत्तरीच्या आजोबांना नकोच. शाळा ऑगस्टच्या अखेरीस उघडतात, तेव्हा उन्हाळा संपलेला नसतो. मुलाला बागेत न्यायचे तर सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर न्यावे.

आपल्या वयाची एक अडचण सिस्टरांनी वेगळी सांगितली. वय वाढते तशी तहान कमी जाणवते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा मागत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून प्यावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. ज्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहेत, किंवा हृदयाच्या अथवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

उन्हाचा त्रास दोन पायऱ्यांनी येतो. पहिल्या पायरीला डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पायांत गोळे येतात, खूप घाम येतो, पण माणूस शुद्धीवर असतो. त्याला गार खोलीत न्यावे, कपडे सैल करावे, पाणी घोट घोट पाजावे आणि निजवावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टर. दुसरी पायरी म्हणजे उष्माघात. अंग तापते, ताप ४० अंशांच्या वर जातो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. ही जिवावरची वेळ आहे. रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत थांबून न राहता अंगावर गार पाणी ओतावे, ओले कपडे घालावे, पंखा लावावा, काखेत आणि मानेशी थंड पट्ट्या ठेवाव्या. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉल देऊ नये. हा आजाराचा ताप नव्हे, त्या गोळीने तो उतरत नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर साखर-मिठाचे पाणी द्यावे. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचे प्रमाण वाढवू नये. हे पाणी दिसायला साधे आहे, पण १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी अशा पाण्यावर हजारो माणसे वाचवली. आम्ही त्याच वर्षी आलिया केली, म्हणून ते साल आमच्या चांगले लक्षात आहे. निरोगी मुलाला रोज पिण्यास मात्र साधे पाणीच बरे.

गाडी आणि बस

तासाभरात सिस्टरांचा आवाज एकदाच बदलला, तो इथे. ऑक्टोबर २०१४ मध्ये अबू धाबीत बालवर्गातली एक भारतीय मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपी गेली. बाकीची मुले उतरली, बस बंद झाली, आणि ती आतच राहिली. जून २०१९ मध्ये दुबईत सहा वर्षांच्या एका भारतीय मुलाच्या बाबतीत असेच झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या कतारमध्ये चार वर्षांची एक मुलगी अशीच गेली. तिन्ही मुले कोणाची तरी नातवंडे होती.

बंद गाडी ही उन्हात भट्टी होते. पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान सुमारे दहा अंशांनी चढते, अर्ध्या तासात पंधरा-वीस अंशांनी. काच थोडी खाली ठेवून काही फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. एका मिनिटात दुकानातून येतो, असे म्हणूनही मुलाला गाडीत ठेवू नये.

असे विसरणारे लोक निष्काळजी असतात असे आपण म्हणतो. सिस्टरांचे म्हणणे तसे नव्हते. माणूस रोजचे काम सवयीने करतो. नेहमीचा क्रम बदलला की चूक होते. रोज आई सोडते, आज आजोबांनी सोडायचे असते. मागच्या सीटवर मूल झोपलेले असते, आवाज नसतो, आणि गाडी सवयीने बाजाराकडे वळते. आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा त्या घराचा क्रम आपल्यामुळेच बदलतो. म्हणून तेच दिवस अधिक जपायचे असतात.

उपाय साधे आहेत. मूल गाडीत असले की आपली पर्स, फोन किंवा एक चप्पल मागच्या सीटवर, मुलाच्या पायाशी ठेवावी. उतरताना ती घ्यावीच लागते. गाडीला कुलूप लावण्यापूर्वी मागचे दार उघडून पाहायचे, मूल बरोबर नसले तरी पाहायचे, म्हणजे ती सवय होते. मुलाला हॉर्न वाजवायला शिकवावे. आत अडकलास तर पुढे येऊन हॉर्न दाबत राहा, हे चार वर्षांच्या मुलालाही समजते. इथे इस्रायलमध्येही २०२१ पासून चार वर्षांखालच्या मुलाला नेणाऱ्या गाडीत आठवण करून देणारे यंत्र लावणे सक्तीचे आहे. नातवंडाला गनला सोडणाऱ्या आजोबांच्या जुन्या गाडीलाही हा नियम लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

बसच्या बाबतीत तीन ठिकाणी मोजणी व्हायला हवी. चालकाने किंवा बाईने शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन पाहणे, वर्गात लगेच हजेरी घेणे, आणि मूल गैरहजर दिसले की घरी फोन करणे. यातला तिसरा टप्पा आपल्यावरही अवलंबून आहे. मूल येणार नसेल तर आदल्या रात्री किंवा सकाळी शाळेला कळवावे. पुष्कळ घरे कळवत नाहीत. मग शाळेला रोज वीस-तीस गैरहजर मुले दिसतात, फोन उशिरा होतात, आणि खरोखर हरवलेले एक मूल त्या गर्दीत दडते. आपला न केलेला फोन दुसऱ्याच्या मुलाला महागात पडतो. शाळेचा फोन आला तर अनोळखी नंबर म्हणून तो तोडू नये.

आपल्या गाडीतून नेतानाही नियम आहे. तिथे चार वर्षांखालच्या मुलाला बालआसनातच बसवावे लागते, आणि दहा वर्षांखालच्या किंवा १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला पुढे बसवता येत नाही. मांडीवर घट्ट धरते, असे कोणी आजी म्हणाली तर तिला सांगावे की धक्का बसला म्हणजे कोणाचेही हात पुरत नाहीत.

ताप आणि गोळ्या

सकाळी कपाळ गरम लागते, परीक्षा असते, आईला सुट्टी नसते. आजी गोळी देते आणि मूल बसमध्ये बसते. अकरा वाजता गोळीचा असर उतरतो आणि मूल दवाखान्यात कुडकुडत पडते. तोवर त्याने शेजारच्या चौघांना आजार दिलेला असतो. नियम असा की औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच शाळा. उलटी-जुलाब थांबून चोवीस तास झालेले असावेत, काही शाळा अठ्ठेचाळीस सांगतात. कांजिण्यांच्या सगळ्या खपल्या वाळेपर्यंत घरी. लहान मुलाला तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये. त्याने क्वचित मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा होते. पॅरासिटामॉलही मुलाच्या वजनावर मोजून द्यायचे असते, अंदाजाने अर्धी गोळी मोडून नव्हे. कधी, किती दिले हे कागदावर लिहावे, म्हणजे आई आल्यावर पुन्हा देत नाही.

आता आपल्या गोळ्या. आमच्या यजमानांची आठवड्याची गोळ्यांची डबी, सात रंगांची, दिवाणखान्यातल्या बुटक्या टेबलावर असायची. पुतणीची धाकटी तीन वर्षांची. एका दुपारी ती डबी खुळखुळ्यासारखी वाजवत बसलेली आम्ही पाहिली. मंगळवार उघडला होता. गोळी जमिनीवर सापडली, पण सापडेपर्यंत आमचे काय झाले ते आम्हीच जाणतो. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची काही औषधे अशी असतात की मोठ्या माणसाची एकच गोळी लहान मुलाला मारक ठरू शकते. त्या सोयीच्या डब्यांना मुलांना न उघडणारे झाकण नसते. ती डबी उंच कपाटात, कुलुपात ठेवावी. पर्सही खुर्चीवर टाकू नये, कारण मुलांना पर्सचा शोध घेणे आवडते. मुलाने गोळी गिळली असे वाटले तर उलटी करवू नये. गोळीचे पाकीट हाती घेऊन लगेच दवाखाना गाठावा. बरे दिसते म्हणून वाट पाहू नये.

आणि विमानात बसण्याआधी एक गोष्ट. अमिरातीत औषधांचे नियम कडक आहेत. दुखण्यावरच्या आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. ते आणि ट्रॅमाडॉल तिथे नियंत्रित आहेत. झोपेच्या आणि मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्याही त्यात येतात. अशी औषधे न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. सगळी औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावी. शेजारणीने भाचीसाठी दिलेले पाकीट आपल्या बॅगेत घेऊ नये.

गॅलरी

दिमोनात आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पुतणीचे अबू धाबीतले घर सतराव्या मजल्यावर. तिथे उंच इमारतींच्या खिडकीतून किंवा गॅलरीतून मुले पडल्याच्या बातम्या येतात, आणि बहुधा खाली एखादी खुर्ची, टेबल, कुंडी किंवा पलंग असतो. मूल कठड्यापेक्षा बुटके असते, पण खुर्चीवर चढले की नसते. नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा अशी आज्ञा आपल्या तोरामध्ये आहे, ती लहानपणीच शिकलो. तिचा अर्थ इथे असा की गॅलरीत काही चढण्यासारखे ठेवू नये, खिडकी दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही अशी कडी बसवावी, जाळीवर भरवसा ठेवू नये, आणि गॅलरीच्या दाराला मुलाच्या हाताबाहेर कडी असावी. वाळत घातलेले कपडे काढायला गेल्यावर दार आपल्यामागे उघडे राहते. तेवढ्यात मूल येते.

फ्रिजवरचा कागद

सिस्टरांनी शेवटी सांगितले की फ्रिजवर एक कागद लावा आणि पाहुणे आले की त्यांना तो वाचायला लावा. आम्ही परत आल्यावर दिमोनाच्या घरीही तसा लावला, कारण इथेही नातवंडे येतात. त्यावर इतके असावे:

मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, वजन आणि अ‍ॅलर्जी.

आई आणि वडील दोघांचे चालू फोन, आणि दोघेही न लागल्यास तिसऱ्या माणसाचा.

शाळेच्या दवाखान्याचा फोन आणि बसच्या बाईंचा फोन.

घराचा पत्ता पूर्ण, इमारतीचे नाव, मजला, दार क्रमांक आणि जवळची ओळखीची खूण. घाबरल्यावर पाहुण्याला पत्ता आठवत नाही.

अमिरातीत रुग्णवाहिका ९९८, पोलीस ९९९, आग ९९७. इस्रायलमध्ये मागेन डेव्हिड अदोम १०१. भारतात ११२.

आजी-आजोबांची औषधे कुठे ठेवली आहेत, आणि त्यांचेही आजार.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा थोडा मलिदा केला. बदाम-पिस्ते वगळले, नारळ आणि मनुका वाढवल्या, वर केळ्या-सफरचंदाच्या फोडी ठेवल्या. आशीर्वादात त्याने काही उणे पडले नाही. शाळेत मात्र पाठवला नाही. सिस्टरांना फोन करून आभार मानले, तेव्हा त्यांनी विचारले की तो कागद आता वाचला का. वाचला म्हटले, आणि वहीत उतरूनही घेतला.

ज्यांची तिकिटे काढून झाली आहेत त्यांनी हे पान बॅगेत ठेवावे. सर्वांना शालोम.